वेगळ्या लोंबीची राखण

बियाण्याच्या शेतात भेसळ काढणं हे रीतसर काम असतं. धान निसवला की माणूस बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, फिरतो आणि उंची, रंग, लोंबीची ठेवण यांत जे झाड इतरांहून निराळं दिसेल ते मुळासकट उपटून बाहेर टाकतो. बियाणं शुद्ध ठेवायचं तर हे करावंच लागतं. पण १९८३ साली चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, दादाजी रामाजी खोब्रागडे यांना पटेल-३ या वाणाच्या धानात तीन निराळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या आणि त्यांनी त्या जपून ठेवल्या. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. हंगामामागून हंगाम ते दाणे वेगळे पेरत, निवडत, पुन्हा पेरत त्यांनी त्यातून एक नवा वाण उभा केला. बारीक दाण्याचा, खायला चवदार आणि उत्पन्नालाही बरा.

त्या वाणाला नाव नव्हतं. १९९०च्या सुमारास तो धान बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला देऊन टाकलं: एचएमटी. आज विदर्भातच नव्हे, तर बाहेरच्या राज्यांतही एचएमटी तांदूळ विकला जातो, आणि विकत घेणाऱ्या बहुतेकांना त्यामागचा माणूस ठाऊक नसतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण प्रसारित केला. मूळ बियाण्याचं श्रेय आपल्याला मिळालं नाही, असं दादाजींचं म्हणणं होतं. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. तोवर त्यांच्या हातून आणखीही वाण तयार झाले होते.

माझा पेशा प्रॉडक्ट मार्केटिंगचा. वस्तू बनवणारे आणि वस्तू विकणारे यांच्या मधे बसून ही वस्तू कोणासाठी, कशासाठी आणि ती दुसऱ्या वस्तूपेक्षा वेगळी कशी, हे ठरवायचं नि सांगायचं, एवढंच ते काम. या कामात मला गुरू कोण, असं विचारलं तर मी दादाजींचंच नाव घेते. त्यांची माझी भेट कधी झाली नाही. पण वेगळं काय आहे ते आधी डोळ्यांनी ओळखणं, त्याची राखण करणं आणि ते दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पेरून खरंच वेगळं आहे की नाही याची खात्री करणं, हे सगळं काम त्या तीन लोंब्यांच्या गोष्टीत आहे. आणि नाव द्यायचं काम दुसऱ्यावर सोडलं तर काय होतं, तेही आहे.

मी सडक अर्जुनीची. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग साकोली सोडून देवरीकडे निघतो, त्या वाटेवरचं हे तालुक्याचं गाव. कोहमाऱ्याच्या चौकातून एक फाटा गोंदियाकडे वळतो, जवळचं रेल्वे स्टेशन सौंदड. आमच्या लहानपणी सगळं भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ला गोंदिया वेगळा झाला. तलाव, धान, मोहाची झाडं, तेंदूपानांचा हंगाम आणि दक्षिणेला नवेगावबांधचं जंगल. बाहेरच्या माणसाला गाव समजावून सांगताना 'अर्जुनी मोरगाव नव्हे, सडक अर्जुनी' हे दरवेळी सांगावं लागतं.

मार्केटिंगचं पहिलं शिक्षण मला इथेच मिळालं, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या, नाटकांतून. धान कापून झाला, दिवाळी सरली की मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस येतात आणि त्यांच्यासोबत नाटकं. बहुतेक नाट्यमंडळ्यांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. नाटकाच्या आधी भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरते, भिंतींवर भडक रंगांची पोस्टरं लागतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती पोस्टरं बटबटीत वाटतील. पण मी लहानपणी पाहत असे की त्या पोस्टरवर काय मोठं लिहायचं नि काय बारीक, याचा विचार केलेला असायचा. नट-नटींची नावं, कंपनी कुठली, नाटक कुठल्या बांधीत, तिकीट किती. नाटकाच्या दिवशी लेकी माहेरी येतात, सोयरे-धायरे जमतात, मुलगा-मुलगी दाखवायचा बेत असतो. म्हणजे विकलं जातं ते नुसतं नाटक नाही, नातेवाईक भेटण्याची एक रात्रही. हे ओळखूनच सगळी जाहिरात केलेली असते. मुंबईच्या रंगभूमीची नक्कल केली असती तर ही नाटकं केव्हाच बंद पडली असती, असं माझं ठाम मत आहे. ती टिकली ती आपल्या प्रेक्षकाचं ऐकून.

पुढे शिकले, पुण्यात नोकरीला लागले आणि काही वर्षांनी पाकीटबंद धान्य विकणाऱ्या एका कंपनीत गेले. तिथला अनुभव जरा सविस्तर सांगते, कारण या धंद्यात एकसारखेपणा कसा तयार होतो ते मला तिथे जवळून दिसलं.

कंपनीला विदर्भातला सुगंधी तांदूळ बाजारात आणायचा होता. चिन्नोर. आमच्या भागातला जुना वाण: उंच वाढणारा, वाऱ्यापावसात लोळणारा, उशिरा निघणारा, उत्पन्नाला कमी. म्हणूनच शेतकऱ्यांनी तो हळूहळू घरापुरता ठेवला. पण शिजताना त्याचा वास अंगणापर्यंत येतो. एजन्सीने पाकिटाचं डिझाइन आणलं. गडद हिरवा नि सोनेरी रंग, महालाची कमान, चमच्यावरून ओघळणारे लांबच लांब दाणे, वर 'प्रीमियम'. खोलीतल्या सगळ्यांना ते आवडलं. आवडण्याचं कारणही समोर होतं: बाजारातल्या पहिल्या पाच ब्रँडची पाकिटं टेबलावर मांडलेली होती आणि हे सहावं त्यांच्या ओळीत अगदी चपखल बसत होतं.

मी म्हणाले, हा फोटो बासमतीचा आहे. बासमतीच्या दाण्याची लांबी किमान ६.६१ मिलिमीटर असावी असा निकष आहे. चिन्नोर आखूड आहे, बारीक आहे आणि लांब दिसायची त्याला गरज नाही. पाकीट फोडल्यावर गिऱ्हाइकाच्या हातात येणारा दाणा फोटोतल्या दाण्याच्या निम्मा निघाला तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. वरिष्ठांचं उत्तर होतं, लोकांच्या मनात चांगला तांदूळ म्हणजे लांब तांदूळ, आपण प्रवाहाविरुद्ध जाऊ शकत नाही.

इथे माझ्या कामाला आलं ते माझं गाव. कुठल्या लोकांच्या मनात, हा प्रश्न मला पडला. पुण्याच्या घरांत रोजचा वरणभात कशाचा होतो? आंबेमोहोराचा, नाहीतर इंद्रायणीचा. आणि इंद्रायणी तर वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोरापासूनच निघालेली. दोन्ही मऊ, दोन्ही वासाचे. म्हणजे ज्या शहरात बसून आम्ही 'लांब तेच चांगलं' म्हणत होतो, त्या शहराच्या स्वयंपाकघरात मऊ सुवासिक तांदूळच रोज शिजत होता. बैठकीतल्या प्रत्येकाच्या घरीसुद्धा. ऑफिसात येताना माणसं आपली जीभ घरी ठेवून येतात आणि मग बाजारातल्या पहिल्या ब्रँडची जीभ वापरतात, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

नुसत्या वाटण्यावर कुणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. मी घरून चिन्नोर मागवला, नुकताच भरडलेला आणि एक वर्ष मुरलेला, असा दोन्ही. कंपनीचा लांब दाण्याचा तांदूळ घेतला. तिन्ही बिननावाच्या डब्यांत भरून ओळखीच्या घरांत वाटले आणि शिजवताना शक्य तिथे स्वतः हजर राहिले. एका घरी कुकरचं झाकण उघडलं तेव्हा बाहेरच्या खोलीतून आजोबा उठून आले आणि कुठला तांदूळ लावलाय म्हणून विचारू लागले. त्या घरच्या काकूंनी मूद पाडली, वरण घातलं, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "हा वरणभाताचा आहे हो. पुलावाला घेऊ नका, वाया जाईल." तीन महिने चाललेल्या बैठकांत जे निघालं नव्हतं ते त्यांनी एका घासात सांगितलं. त्यांचं वाक्य मी जसंच्या तसं माझ्या टिपणात घातलं.

नव्या तांदळाबद्दल मात्र काही घरांतून तक्रार आली, भात चिकट झाला म्हणून. सहकाऱ्यांचा सूर लगेच आला की मग जास्त पॉलिश करून घेऊ, दाणा पांढरा दिसेल, मोकळा शिजेल. मी गोंदियाकडच्या एका मिलवाल्या काकांकडे गेले. माणूस पिढीजात या धंद्यातला. त्यांनी मूठभर धान तळहातावर घेतला, दुसऱ्या तळहाताने रगडला, फुंकर मारून तूस उडवलं आणि उरलेला एक दाणा दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज आला. म्हणाले, "वाळला आहे. आता याला दोन खेपा पॉलिश मारलं तर पांढरा होईल, मंग त्यात चिन्नोर काय राहील जी? कोंड्यासंगं वास बी जाते." नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, ही आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट. म्हणून मी तांदळाला हात न लावता पाकिटाची मागची बाजू बदलायचा आग्रह धरला. पीक कोणत्या वर्षीचं ते छापा. नव्याला पाणी किती, जुन्याला किती ते छापा. दाण्याचा फोटो खऱ्या आकाराचा छापा. कुठल्या तालुक्यातला धान आहे ते छापा.

पीकवर्ष छापण्याला सर्वांत जास्त विरोध झाला. जुना साठा पडून राहिला तर गिऱ्हाईक बोट ठेवेल, ही भीती. ती रास्त होती. मी एवढंच म्हटलं की मुरलेल्या तांदळाला आपल्याकडे मान आहे, तो लपवायची चीज नाही. अखेर एक छोटी खेप माझ्या पद्धतीने काढायचं ठरलं, पुण्यातल्या आणि नागपुरातल्या मोजक्या दुकानांपुरती. महालाची कमान गेली. तांदूळ विकला गेला आणि मुख्य म्हणजे घेणारे परत आले. कंपनीचं मोठं पाकीट नंतरही कमानीचंच राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण निराळा रस्ताही चालतो, याचा पुरावा आता कागदावर होता.

वेगळेपणा म्हटला की लोकांना कपडे, बोलणं, ऑफिसात टेबलावर पाय ठेवून बसणं असलं काहीतरी आठवतं. त्याने मला कधी फार मोहवलं नाही. या पेशात वेगळेपणाचा कस लागतो तो वस्तूबद्दल काय बोलणार आणि काय बोलणार नाही, या दोन ठिकाणी. दुसऱ्या एका नोकरीत मला तांदळाच्या पाकिटावर 'मधुमेहींसाठी सुरक्षित' अशा अर्थाचा मजकूर लिहायला सांगितला गेला. बाजारात तसे दावे करणारे बरेच होते. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल २०१८ची नियमावली आहे आणि तिच्यानुसार असा दावा सिद्ध करता यावा लागतो. आमच्याकडे सिद्ध करण्यासारखं काही नव्हतं. मी ती ओळ लिहिली नाही. वाद झाला, काम दुसऱ्याकडे गेलं आणि त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. नियमावली नसती तरी मी ती ओळ लिहिली नसती. गावाकडे माझ्या घरात साखरेचे आजारी आहेत, आणि पाकिटावर छापलेलं खरं मानणारी ती माणसं आहेत.

अशा वेळी मला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची आठवण होते. आमच्या सगळ्या पट्ट्यात तेंदूपान म्हणजे उन्हाळ्यातला हक्काचा पैसा. २०१३ साली गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अठरा ग्रामसभांनी वनहक्क कायद्याचा आधार घेऊन तेंदूपानं स्वतः विकायचं ठरवलं, तेव्हा तेही प्रवाहाविरुद्धच होतं. पाचगावच्या ग्रामसभेने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपान तोडायचंच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि विडीने माणसाचं नुकसान होतं. त्यांनी बांबूवर भर दिला. चालू बाजार असलेली, मागणी असलेली वस्तू आपण विकणार नाही, हे एका छोट्या गावाने बसून ठरवावं, याहून मोठा धडा मला कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात मिळाला नाही.

आणि निराळेपण धंद्यात चालत नाही असं जे सांगतात त्यांना मी विकोचं उदाहरण देते. केशव पेंढरकरांचं आधी नागपुरात छोटं दुकान होतं. पुढे मुंबईत जाऊन त्यांनी १९५२ साली विको सुरू केली, दारोदार दंतमंजन विकून. १९७५च्या सुमारास विकोवाल्यांनी हळदीचं क्रीम आणलं. बाजारातली सगळी क्रीमं पांढरी शुभ्र असताना हे पिवळं. पिवळं क्रीम चेहऱ्याला कोण लावणार, हा प्रश्न त्यांना किती जणांनी विचारला असेल! पण हळद लावून न्हाऊ घालणाऱ्या घरांना पिवळ्या रंगाचं भय कसलं? ती खूण लपवायची सोडून त्यांनी तीच पुढे केली. हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून कराचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि ते तोही लढले. आपली वस्तू कोणत्या रांगेत उभी राहणार हे आपणच ठरवायचं, हा त्यांचा हट्ट होता.

हट्टाची किंमत मात्र सगळ्यांना सारखी पडत नाही, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. चांगल्या संस्थेची पदवी आणि सफाईदार इंग्रजी असलेला मुलगा बैठकीत विरोधात बोलला की तो 'वेगळा विचार करणारा' ठरतो. तेच आमच्याकडची मुलगी बोलली की तिला अजून धंदा कळलेला नाही, असं ठरतं. मी बोलू शकले, कारण घरचा कर्जाचा बोजा माझ्यावर नव्हता आणि बाबांनी 'नोकरी सोडून आलीस तर घर आहे' असं एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं होतं. ज्यांना तसं सांगणारं कुणी नाही त्यांना 'बिनधास्त वेगळं वागा' असा सल्ला द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यांना मी एवढंच सांगते की आधी पुरावा गोळा करा, आणि बोलायच्या आधी खोलीतला एक माणूस तरी आपल्या बाजूला करून ठेवा.

आता मी नागपूर आणि सडक अर्जुनी अशी दोन्हीकडे असते. तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांच्या गटासोबत त्यांच्या तांदळाची विक्री बघते. इथे एकसारखेपणाची गाठ ऑफिसातल्यापेक्षा घट्ट आहे. आधारभूत किमतीच्या खरेदीत धानाचे प्रकार दोनच: साधारण आणि 'अ' दर्जाचा. २०२४-२५च्या हंगामात एकाला क्विंटलमागे २३०० रुपये आणि दुसऱ्याला २३२०. ओलावा सतरा टक्क्यांच्या आत हवा, दाण्यात काडीकचरा नको. या खरेदीने आमच्या भागातली घरं उभी ठेवली आहेत, तिच्याविरुद्ध मी शब्दही काढणार नाही. पण त्या काट्यावर वासाला मोल नाही. मग उंच वाढून लोळणारा, एकरी कमी पिकणारा वाण कुणी का लावावा? एका बैठकीत एका म्हाताऱ्या मामांनी हेच विचारलं, "बाई, वासाचे पैसे किती देसीन ते सांग. बाकीचं मंग बोलू." मी आकडा मांडला: चिन्नोरचं एकरी उत्पन्न एचएमटीपेक्षा जेवढं कमी पडतं, तेवढं भावातून भरून निघालं पाहिजे आणि वर काही उरलं पाहिजे. त्यांनी बोटांवर हिशेब केला, खर्चात मी रोवणीची मजुरी कमी धरली होती ती दुरुस्त करून घेतली आणि एका बांधीत लावतो म्हणाले. बाकीच्या बांध्यांत एचएमटीच. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

शेजारच्या बालाघाट जिल्ह्याच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गटातल्या मुलांना त्याचं कौतुकही आहे आणि थोडी चुरसही.

आमच्या गटात देवरीकडचा एक तरुण आहे, नुकताच शिकून आलेला. त्याला पाकिटावरचा सगळा मजकूर झाडीबोलीत हवा आहे. मला ते पटलेलं नाही. नागपूरच्या पुढे गेलं की वाचणाऱ्याला अडखळायला होईल, पाण्याचं प्रमाण चुकलं तर भात बिघडेल आणि दोष तांदळाला लागेल, हे मी त्याला तीन तऱ्हेने समजावून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तुमी कमान काढून टाकली तवा तुमाले बी असंच सांगतलं असेल न जी?" मग तो कामाला लागला. नागपुरातल्या दुकानदारांकडे गेला, झाडीपट्टीतून तिकडे जाऊन राहिलेली कुटुंबं कुठल्या वस्त्यांत आहेत ते शोधलं, चार-पाच घरांत मजकूर वाचून दाखवला आणि त्यांचं म्हणणं लिहून आणलं. वहीत कुणाकुणाच्या नावापुढे 'हसले' आणि 'गावची याद आली म्हणाले' असंही नोंदवलेलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास त्याची खेप निघेल, फक्त त्या वस्त्यांतल्या दुकानांसाठी. मजकूर त्याचा. पाण्याचं माप प्रमाण मराठीतही छापायचं, एवढी एक अट मी घातली आणि त्याने ती मान्य केली. वजन, भाव आणि पीकवर्ष मी तपासून दिलं आहे.